वकिलाची हयगय आणि अशिलाची दाद

मराठी पवित्र शास्त्रात पवित्र आत्म्यास ‘कैवारी’ असे सुंदर नाव दिलेले आहे. जो आपला कैवार घेतो, आपल्या बाजूने उभा राहून आपल्यासाठी बोलतो, तो कैवारी. साल्वे रेजिना या लॅटिन प्रार्थनेत पवित्र मरियेलाही याच अर्थाने हाक मारलेली आहे. वकिलाचा धंदा हा मुळात या कैवाराचाच धंदा होय. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणे, ज्याला कायदा कळत नाही त्याचा हक्क राखणे, हे काम हलके नव्हे. म्हणूनच ज्याने कैवार घेतला त्यानेच पाठ फिरविली म्हणजे गरीब माणसाचे जे नुकसान होते, ते विरुद्ध पक्षाने केलेल्या नुकसानीपेक्षाही अधिक जिव्हारी लागते.

आपल्या खेड्यांतून कोर्टकचेरी काही नवी नाही. बांधाचा तंटा, भावाभावांतील वाटणी, कुळाचा हक्क, धरणाखाली किंवा रस्त्याखाली गेलेल्या जमिनीची भरपाई, उसने दिलेल्या पैशाची वसुली, अशी कारणे घेऊन आमचा शेतकरी तालुक्याच्या गावी जातो, वकीलपत्रावर सही किंवा अंगठा करतो, घरातील पेटीतले जुने कागद वकीलसाहेबांच्या स्वाधीन करतो आणि निर्धास्त मनाने परत येतो. पुढे वर्ष जाते, दोन वर्षे जातात. विचारले की उत्तर ठरलेले : ‘तारीख पडली आहे, कळवू.’ आणि एके दिवशी बेलिफ दारात उभा राहतो. दावा केव्हाच गैरहजेरीत निकालात निघालेला असतो, किंवा एकतर्फी हुकूमनामा झालेला असतो.

कायद्याची कालमर्यादा मोठी निष्ठुर आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. गैरहजेरीमुळे काढून टाकलेला दावा पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदतही तीस दिवसांचीच. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर मात्र हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ती मोजतात. दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद दिवस. प्रॉमिसरी नोटीवरील पैशाचा दावा तीन वर्षांत लावला नाही तर ती नोट केवळ रद्दीचा कागद ठरते. उशीर माफ करण्याचा अधिकार अर्ज व अपील यांच्या बाबतीत न्यायाधीशांना आहे, परंतु मूळ दावाच मुदतीबाहेर गेला तर त्यांचेही हात बांधलेले असतात. वकिलाची एका आठवड्याची झोप अशिलाच्या दोन पिढ्यांना भोवते ती अशी.

या बाबतीत मद्रासेकडील एक खटला आम्हांला विशेष बोधप्रद वाटतो. त्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७८ मध्ये दिला. सत्तर वर्षांचे एक बहिरे गृहस्थ आणि त्यांची वृद्ध पत्नी यांच्यापाशी दोन प्रॉमिसरी नोटी होत्या, एक पंधरा हजार रुपयांची व दुसरी पाच हजारांची. त्या काळी वीस हजार रुपये म्हणजे म्हातारपणाचा सारा आधार. वसुलीचे दावे लावावेत म्हणून त्यांनी त्या नोटी व खर्चाचे पैसे एका वकिलाच्या हाती दिले. वकिलाने दावे लावलेच नाहीत. येथवर ही केवळ हयगय म्हणता आली असती. परंतु दावे लावले आहेत असे तो त्यांना सांगत राहिला. न लावलेल्या दाव्यांच्या तारखाही त्याने त्यांना कळविल्या, आणि अखेरीस तुमच्यासारखा हुकूमनामा झाला असेही सांगून टाकले! त्यावर विश्वास ठेवून त्या जोडप्याने डिसेंबर १९७३ मध्ये ऋणकोस नोटीस पाठविली, आणि सारे बिंग फुटले. तोवर मुदत टळून गेलेली होती.

चौकशीत वकिलाने सांगितले की कागद आपण दुसऱ्या एका तरुण वकिलाच्या हवाली केले होते. हा बचाव टिकला नाही. तामिळनाडूच्या बार कौन्सिलच्या शिस्त समितीने त्याला सहा वर्षे वकिलीस बंदी केली. अखिल भारतीय बार कौन्सिलने अपिलात ती मुदत एका वर्षावर आणली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बहुमताचा निकाल लिहिला व शिक्षेला एक निराळेच वळण दिले. ऑगस्ट १९७९ पर्यंत बंदी, त्या वृद्ध गृहस्थास अडीच हजार रुपये द्यावयाचे, आणि त्यानंतर सरकारी कायदेविषयक साहाय्य संस्थेच्या हाताखाली गोरगरिबांची कामे करावयाची. ज्याने गरिबांचा विश्वास बुडविला त्याने गरिबांचीच सेवा करून तो फेडावा, ही त्यामागील दृष्टी. प्रायश्चित्ताची सवय असलेल्या आपल्या ख्रिस्ती मनाला ही कल्पना रुचावी यात नवल नाही. मात्र खंडपीठातील तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांना ही सवलत मान्य नव्हती. एक वर्षाची बंदी मुळीच जड नाही असे त्यांचे मत पडले. आम्हांला विचाराल तर आमचा कल त्यांच्याकडेच आहे. वीस हजार बुडाले आणि अडीच हजार हाती आले, या हिशेबात त्या म्हाताऱ्या बाईचे समाधान कसे व्हावे?

आता, ही शिक्षा देण्याचा अधिकार येतो कोठून, ते पाहू. १९६१ चा वकील अधिनियम हा त्याचा आधार आहे. तो संमत झाला त्या वर्षीच्या मे महिन्याच्या १९ तारखेस. आणि योगायोग असा की १९ मे हा संत इव्ह यांचा सण आहे. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात जन्मलेले हे तेराव्या शतकातील धर्मगुरू कायद्याचे पंडित होते, गरिबांचे खटले फी न घेता चालवीत, आणि १३०३ साली त्याच तारखेस निधन पावले. ख्रिस्तसभा त्यांना वकिलांचे आश्रयदाते संत मानते. आमच्या संसदेने सण पाहून तारीख धरली नव्हती हे उघडच आहे, तरीही लक्षात राहण्याजोगी गोष्ट आहे.

या अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमाप्रमाणे वकिलाने व्यवसायातील किंवा अन्य गैरवर्तन केले असे राज्य बार कौन्सिलला सकारण वाटले तर ती ते प्रकरण आपल्या शिस्त समितीकडे सोपविते. समितीत तिघे असतात. साक्षीदारांना बोलाविणे, शपथेवर तपासणे, कागद हजर करविणे याबाबत तिला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दोन्ही बाजू ऐकल्यावर ती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीपर्यंत त्याची वकिली बंद करू शकते, किंवा त्याचे नाव वकिलांच्या नोंदवहीतून कायमचे काढून टाकू शकते. आपल्याकडे ‘सनद रद्द झाली’ म्हणतात ती हीच शेवटची शिक्षा. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत दिल्लीच्या अखिल भारतीय बार कौन्सिलकडे व तेथूनही पुढे साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. हा हक्क वकिलाला आहे तसाच तक्रारदारालाही आहे. समितीतील तिघेही वकीलच असतात. वकिलाचा न्याय वकिलांनीच करावा हे आमच्या शेतकऱ्याला विचित्र वाटते, आणि त्याची शंका अगदीच अनाठायी आहे असे आम्हांला म्हणवत नाही.

परंतु एक भेद ध्यानी धरला पाहिजे. खटला हरला म्हणजे वकिलाने हयगय केली असे होत नाही. प्रत्येक खटल्यात एक पक्ष हरतोच. वकिलाने प्रामाणिकपणे कायद्याचा चुकीचा अर्थ लावला, साक्षीदाराला एखादा प्रश्न विचारावयाचा राहिला, तर तेवढ्यावरून त्याला शिस्तीखाली आणता येत नाही. इतकेच नव्हे तर, मद्रास शहरातील एका सरकारी वकिलाच्या प्रकरणी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की ज्या निष्काळजीपणात नैतिक दोष नाही तो निष्काळजीपणा व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही. सबब, तक्रार करणाराने आपल्या वकिलाच्या वागण्यात खोटेपणा, बेफिकिरी किंवा पैशाची लबाडी होती काय, हे आधी स्वतःशी तपासून घ्यावे. रागाच्या भरात केलेली तक्रार एका सज्जन माणसाच्या नावाला काळिमा लावते, आणि आठव्या आज्ञेचे बंधन अशिलालाही आहेच. आपल्या जिल्ह्यांतून कितीतरी वकील विधवांची कामे नाममात्र फी घेऊन करतात, हेही विसरून चालणार नाही.

पैशाची लबाडी म्हटली की उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्याचे प्रकरण आठवते. तेथील एका वृद्ध, निरक्षर शेतकऱ्याची जमीन सरकारने संपादन केली होती. भरपाईचे ८,११८ रुपये न्यायालयात जमा झाले. त्याच्या वकिलाने सप्टेंबर १९८७ मध्ये ते पैसे काढून घेतले, आणि म्हाताऱ्याला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. पुष्कळ दिवसांनी ही गोष्ट कळली तेव्हा त्याने मागणी केली, ती व्यर्थ गेली, आणि मग त्याने बार कौन्सिलकडे तक्रार नेली. वकील म्हणाला, माझी फी व खर्च वळते करून उरलेली रक्कम मी देऊन टाकली. पुढे तर तडजोड झाल्याचे त्या शेतकऱ्याच्या नावाचे एक प्रतिज्ञापत्रही दाखल झाले. शेतकऱ्याने ते आपले नव्हेच असे सांगितले. अखिल भारतीय बार कौन्सिलच्या समितीने वकिलाला तीन वर्षांची बंदी फर्मावली. ही शिक्षा जास्त झाली म्हणून वकील सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेथे उलटेच घडले! जानेवारी २००२ मध्ये न्यायमूर्ती के. टी. थॉमस व न्यायमूर्ती एस. एन. फुकन यांनी ती शिक्षा वाढवून त्याचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याचा हुकूम केला. रक्कम आठ हजारांचीच होती, पण ती कोणाची होती हे न्यायालयाने पाहिले.

या प्रकरणावरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शिस्तीची चौकशी हा दोघांतला खाजगी सौदा नव्हे. तक्रारदाराने माघार घेतली, आपसांत मिटले, किंवा त्याला पुढे चालविण्याची इच्छा राहिली नाही, एवढ्याच कारणाने ती चौकशी बंद करता येत नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे. तेव्हा ‘पाच हजार घे आणि कागदावर सही कर’ म्हणत कोणी दारी आला तर त्याला हा नियम सांगावा.

पैसे परत मिळण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि येथे आपली निराशा होते. शिस्त समितीचे काम वकिलाला शासन करण्याचे. अशिलाला भरपाई देण्याचा अधिकार अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमात नाही. यापेक्षा कडक नियम एका तरुण वकिलाने तीनशे वर्षांपूर्वी स्वतःसाठी लिहून ठेविला होता. संत आल्फोन्स लिगोरी हे धर्मगुरू होण्यापूर्वी नेपल्समध्ये नामांकित वकील होते. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी कायद्याची सर्वोच्च पदवी मिळविली होती. त्यांनी वकिलांसाठी जे बारा नियम केले त्यांत असे आहे की वकिलाच्या दुर्लक्षामुळे अशिलाचे नुकसान झाले तर ते भरून देण्यास तो बांधलेला आहे. म्हणजे नुसता पश्चात्ताप पुरत नाही. बुडविलेले परत केले पाहिजे. १७२३ साली एका मोठ्या खटल्यात त्यांच्या स्वतःच्याच नजरेतून एक कागद निसटला व ते हरले. त्यानंतर त्यांनी वकिली कायमची सोडली, हे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

आपल्या देशात भरपाईसाठी काही वर्षे एक दार किलकिले झाले होते. २००७ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ठरविले की सदोष सेवेबद्दल वकिलाविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येईल. परंतु १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. वकील व अशील यांचा संबंध वैयक्तिक सेवेच्या कराराचा आहे, अशील वकिलाला आपल्या सूचनांनी बांधून ठेवितो, म्हणून तो ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. डॉक्टरांविरुद्ध मात्र १९९५ पासून ग्राहक मंचाकडे जाता येते. कायद्याची बारीक बाजू आम्ही पंडितांवर सोपवितो. खेड्यातील माणसाच्या दृष्टीने एवढेच उरले की भरपाई हवी असेल तर त्याने दिवाणी न्यायालयात दावा लावावा. म्हणजे एका वकिलाने बुडविले म्हणून दुसरा वकील करावा आणि त्याला पुन्हा फी द्यावी!

निदान मूळ खटला तरी वाचावा, यासाठी १९८१ च्या एका निकालाचा आधार घेता येतो. अलाहाबाद उच्च न्यायालयात अपिलाच्या सुनावणीस वकील हजर राहिला नाही आणि अपील काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केले. खेड्यातील माणूस वकील नेमतो, फी देतो, मग न्यायालयात काय चालले आहे यावर त्याने पहारा ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय असून, दुसऱ्या पक्षाचा दोनशे रुपये खर्च त्या गैरहजर वकिलाकडूनच वसूल करावा असे त्यात सांगितले होते. तथापि त्यावर फार विसंबू नये. १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की वकिलाच्या चुकीची सबब दर वेळी चालणार नाही. अशील कोण, किती जाणता, त्याने स्वतः किती काळजी घेतली, हे पाहिले जाईल.

आणि काळजी घेणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरे व अंक मिळून झालेला एक सी.एन.आर. क्रमांक असतो. तो वकिलाकडून मागून घ्यावा. मागण्यात त्याचा अपमान नाही. घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगी सरकारच्या ई-कोर्ट्स सेवेवर मोबाईलवरून तो क्रमांक घालून पुढची तारीख व मागचे हुकूम पाहू शकते. त्या मद्रासच्या जोडप्याला ही सोय असती तर नसलेल्या दाव्याच्या तारखा त्यांना कोणी सांगू शकला नसता. तसेच मूळ कागद देताना त्यांच्या प्रती घरी ठेवाव्यात, फीची पावती घ्यावी. वकील बदलावयाचा झाल्यास पहिला वकील ‘फी दे, मग फाईल देतो’ म्हणून कागद अडवून ठेवू शकत नाही. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ऑगस्ट २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले आहे. फीचे भांडण वेगळे, फाईल वेगळी.

तक्रार करावयाची वेळ आलीच तर ती आमच्या फादरांकडे नेऊन थांबू नये. फादर समजूत घालू शकतात, शिस्त लावू शकत नाहीत. ज्या राज्यात वकिलाची नोंद आहे त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. बेळगाव, खानापूर व कारवारकडील लोकांसाठी ती बेंगळुरूस आहे. गोव्यातील लोकांसाठी महाराष्ट्र व गोवा यांची सामाईक कौन्सिल मुंबईस. इंदूर व ग्वाल्हेरच्या आमच्या बांधवांसाठी जबलपूरला, वडोदऱ्याच्या लोकांसाठी अहमदाबादला, आणि हैदराबादकरांसाठी त्यांच्याच शहरात. अर्ज सही केलेला व सत्यतेच्या रीतसर लेखासह असावा. तो इंग्रजीतच पाहिजे असे नाही. हिंदीत किंवा राज्यभाषेतही चालतो. काय घडले ते तारीखवार लिहावे, शिव्याशाप लिहू नयेत, आणि पावत्या, चिठ्ठ्या, न्यायालयाच्या हुकुमाच्या नकला सोबत जोडाव्यात.

वकिलावर तक्रार केली तर तालुक्यात दुसरा वकील आपले काम घेणार नाही, अशी भीती पुष्कळांना वाटते व ती आम्ही समजू शकतो. अशा वेळी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता, व इतरांना उत्पन्न ठरावीक मर्यादेत असल्यास, वकील मोफत मिळतो.

शिस्त समितीने वर्षभरात निकाल द्यावा, न दिल्यास प्रकरण आपोआप दिल्लीला जावे, असे अधिनियमाचे छत्तीस-ब कलम सांगते. प्रत्यक्षात पुष्कळ प्रकरणे दिल्लीला जाऊन तेथेही पडून राहतात. कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला यावर बोलावे लागले व तक्रारी वर्षाच्या आत निकालात काढण्याविषयी कौन्सिलांना बजवावे लागले. तेव्हा अर्जाची पोच जपून ठेवावी, वर्ष भरताच पत्र लिहून चौकशी करावी, आणि शुभवर्तमानातील त्या विधवेप्रमाणे न्याय देणाऱ्याचा दरवाजा पुनःपुन्हा ठोठावावा. ती काही एकाच खेपेत घरी परतली नव्हती.